एस्कोचा हात

मित्रांनो, मी एक जुनी शेगडी आहे. स्वयंपाकघरातली नव्हे, मी सौनातली, म्हणजे वाफेच्या न्हाणीतली विजेची शेगडी. माझ्या डोक्यावर टोपलीभर दगड असतात. मी तापले की दगड तापतात, त्यांच्यावर कुणीतरी पळीभर पाणी टाकतं, आणि चर्र आवाज होऊन न्हाणी वाफेनं भरून जाते. कॅनडातल्या थंडर बे शहराच्या उत्तरेला, तळ्याकाठच्या आमच्या फिनिश वस्तीत शनिवार उजाडतो कसाही, पण माझ्याशिवाय मावळत नाही. माणसं कपडे बाहेर खुंटीला टांगतात आणि माझ्यासमोरच्या लाकडी पायऱ्यांवर ओळीनं बसतात. गंमत बघा, उघडी बसतात ती, आणि लाज वाटते मला. ती का वाटते, तेच आज सांगणार आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पत्रा कापून, वाकवून माझं अंग घडवलं, पोटात वळणावळणाच्या कांबी बसवल्या. शेवटी एका बाईनं माझ्यावरून फडकं फिरवलं आणि मला थोपटून म्हणाली, "जा बाई, लोकांना ऊब दे." तेवढाच मला मिळालेला आशीर्वाद. माझ्या पाठीवर एक पिवळा कागदही चिकटवला होता. जोडणी जाणकार वायरमनकडूनच करून घ्यावी, असं त्यावर ठळक छापलं होतं. दिसायला बरा दिसत नाही म्हणून तो कागद पहिल्याच दिवशी खरवडून काढला गेला. काढणारी माणसं वाईट नव्हती हो. फार चांगली होती, आणि तिथेच तर सगळं अडलं.

मला घरी आणलं ऐला आणि वेइक्को या नवराबायकोनं. त्यांच्या न्हाणीत आधी लाकडांची चूल होती. वेइक्कोचा खांदा धरला, लाकडं फोडणं होईना, म्हणून मी आले. जुन्या चुलीवरचे दगड त्यानं एकेक करून धुतले आणि माझ्या डोक्यावर रचले. ते त्याच्या वडिलांनी तळ्याकाठून वेचून आणलेले होते. सासरी आल्या आल्या सासूचे दागिने अंगावर पडावेत, तसं मला झालं.

राहिली जोडणी. आमच्या वस्तीत घरच्या कामाला माणूस लावत नाहीत. छप्पर घालायचं असो की गोठा बांधायचा असो, शेजारीपाजारी आपापली अवजारं घेऊन येतात, दिवसभर राबतात, आणि घरची बाई त्यांना पोटभर जेवू घालते. तुमच्याकडे याला इर्जिक म्हणतात, आमच्याकडे तालकोत. इर्जिकीला आलेल्याला पैसे विचारणं म्हणजे त्याच्या तोंडात मारणं, आणि घरचा माणूस असताना बाहेरचा बोलावणं म्हणजे त्याहून वाईट. माझ्यासाठीही अशीच इर्जिक झाली. कुणी भिंतीला फळ्या ठोकल्या, कुणी पायऱ्यांना रंधा मारला. ऐलानं माशाचं सार केलं, वेलदोड्याचा गोड पाव केला, किटल्यांवर किटल्या कॉफी उकळली. आणि विजेचं काम घेतलं वेइक्कोच्या धाकट्या भावानं, एस्कोनं.

एस्को कागदाच्या गिरणीत ओंडके उचलायचं यंत्र चालवायचा. विजेशी त्याचा संबंध एवढाच, की त्याला तिची भीती वाटत नसे. अख्ख्या घराण्यात न घाबरणारा तो एकटाच, म्हणून तो घराण्याचा वायरमन. मनानं मात्र राजा माणूस. भावाच्या न्हाणीसाठी त्यानं आपली सुट्टी घालवली, आपल्या शेडमध्ये उरलेली केबल आणली आणि जीव लावून माझ्यात जोडली. त्या केबलीत दोनच तारा होत्या. तिसरी, अर्थिंगची, नव्हतीच. माझ्या पोटातला अर्थिंगचा स्क्रू तसाच मोकळा राहिला. एस्कोनं त्याच्याकडे बघून डोकं खाजवलं आणि म्हणाला, हा जास्तीचा दिसतोय. मग त्यानं कळ दाबली, मी तापले, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी मी काय मिरवले! आता आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं.

पुढची बरीच वर्षं सुखाची गेली. बाहेर गुडघाभर बर्फ असायचं आणि आत मी असायचे. ओल्या भूर्जाच्या डहाळ्यांनी माणसं एकमेकांची पाठ झोडपून काढायची, की सगळी न्हाणी पानांच्या वासानं भरायची. भांडलेले शेजारी माझ्यासमोर बसून बोलायला लागायचे, कारण घामाघूम माणसाला फार वेळ रागावून बसता येत नाही. ऐला सगळ्यांना सांगायची, आमच्या शेगडीसारखी मऊ वाफ वस्तीत कुठे मिळायची नाही. खरं होतं ते.

मग माझ्या कांबी म्हाताऱ्या झाल्या. ओलावा आत मुरला आणि थोडी थोडी वीज माझ्या पत्र्यात गळायला लागली. अर्थिंग असतं, तर ती मुकाट्यानं जमिनीत निघून गेली असती. ते नव्हतं, म्हणून ती माझ्या अंगातच बसून राहायची, कुणी शिवेल याची वाट बघत. पहिला शिवला वेइक्को. त्याच्या हातातली लोखंडी पळी माझ्या कडेला टेकली आणि त्याचा हात कोपरापर्यंत मुंग्यांनी भरला. तो दचकला, मग खो खो हसला आणि म्हणाला, "एस्कोनं हात मिळवला वाटतं." ऐलाही हसली. नाव पडलं ते पडलंच.

एस्कोचा हात! हळूहळू मुलांना, सुनांना, शेजाऱ्यांना सगळ्यांना तो माहीत झाला. लोखंडी पळी खिळ्याला टांगली गेली आणि लाकडी पळी आली. माझ्याभोवती लाकडी कठडा आला. नवा पाहुणा आला की त्याला दारातच सांगायचे, शेगडीपासून जरा लांब राहा बरं, एस्को हात मिळवील. एवढं सगळं केलं, पण वायरमनला बोलवावं असं कुणी चुकूनही म्हटलं नाही. एस्कोनं सुट्टी घालवून, राबून केलेलं काम. धर्माच्या गाईला दात का नाहीत, असं कुणी विचारतं का?

एका माणसाला मात्र यातलं काहीच ठाऊक नव्हतं, आणि तो म्हणजे खुद्द एस्को. दर शनिवारी टॉवेल काखेत मारून तो हजर. त्याची जागा ठरलेली, सगळ्यात वरच्या पायरीवर, कोपऱ्यात, मानाची. पळी त्याच्या हाती कुणी जाऊ द्यायचं नाही. तो उठायला लागला की कुणीतरी म्हणायचं, तुम्ही बसा हो, शेगडी तुम्ही बसवलीत, आता पाणीही तुम्हीच टाकायचं का? एस्को खूश होऊन परत बसायचा. वरून माझ्याकडे बघून म्हणायचा, काम करावं तर असं, इतक्या वर्षांत एक तक्रार नाही. खालच्या पायरीवर सगळे टॉवेलात तोंड खुपसून हसायचे. अळीमिळी गुपचिळी.

मी काय करणार होते? दर शनिवारी माणसं ओल्या अंगानं, विश्वासानं माझ्याजवळ यायची, आणि माझ्या अंगात ही चोरटी वीज. कुणी म्हणालं, वा, काय वाफ आहे, की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. गळणारी वीज दिवसेंदिवस वाढत होती. ते फक्त मला कळत होतं.

पुढे वेइक्को गेला. त्याला छातीचं दुखणं होतं, माझा त्यात काही संबंध नव्हता. हे मुद्दाम सांगते, कारण एकदा लाज वाटायला लागली की जगातले सगळे गुन्हे आपलेच वाटतात. ऐला एकटी राहिली. शनिवारी सकाळी न्हाणी पुसताना ती माझ्याशी बोलायला लागली. गुडघ्याचं दुखणं, बटाट्याचा वाफा, चर्चमध्ये कुणाचा पाव करपला, सगळं मला सांगायची.

एका वसंतात तिनं सांगितलं, की तिच्या नातीला, कायसाला, मुलगी झाली आहे. नाव ठेवलंय एल्ली. कायसा दूर शहरात राहायची. युहान्नुसला, म्हणजे ऐन उन्हाळ्याच्या सणाला, ती बाळाला घेऊन येणार होती, आणि बाळाची पहिली न्हाणी इथेच व्हायला हवी असा तिचा हट्ट होता. न्हाणीतल्या पत्र्याच्या टबात, जुन्या चुलीच्या उबेला, ऐलाचा मुलगा न्हाला होता, त्याची कायसा न्हाली होती, आता एल्ली. बोलता बोलता कायसानं फोनवर हसत विचारलं, "मुम्मो, एस्कोचा हात अजून आहे का गं?" मुम्मो म्हणजे आजी. ऐलाही हसली म्हणे. मला हे सांगताना मात्र ती हसत नव्हती. तिनं टबाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि फडकं हातात धरून तशीच बसून राहिली.

वायरमन बोलवायला हवा, हे तिला कळलं. पण विचारायचं कुणाला? चर्चमधल्या कॉफीच्या वेळी विचारलं असतं, तर साऱ्या बायकांनी एका सुरात म्हटलं असतं, अगं, घरात एस्को असताना? आणि संध्याकाळच्या आत ते एस्कोच्या कानावर गेलं असतं. झाकली मूठ झाकलेलीच ठेवायची, म्हणून तिनं पेट्रोल पंपाच्या भिंतीवर चिकटवलेल्या एका चिठ्ठीवरचा नंबर फिरवला. एस्को मासेमारीला गेल्याची वेळ साधली. डॅरिल नावाचा एक गडी आला. त्यानं काही म्हणजे काही विचारलं नाही. ऐलानं जे जे विचारलं ते उडवून लावलं. परवाना लागतो का? छे, एवढ्याशा कामाला? मेन स्विच बंद करू का? राहू द्या. मला बाहेरूनच थोडं ठोकलं, एका तारेला काळी पट्टी गुंडाळली, आपल्या गाडीतली रबरी चटई काढून माझ्यापुढे टाकली आणि म्हणाला, यावर उभं राहायचं आणि ओल्या हातानं शिवायचं नाही. न्हाणीत, मित्रांनो! ओल्या हातानं शिवायचं नाही म्हणे.

त्या शनिवारी एस्कोनं चटई बघितली आणि विचारलं, गाडीतली चटई इथे कशाला आली? ऐला म्हणाली, पाय घसरतो हल्ली. हे ती भिंतीकडे बघून बोलली. चोराच्या मनात चांदणं, म्हणतात ते खोटं नाही. एस्कोनं मात्र तिचा हात धरून तिला पायरीवर बसवलं. म्हणाला, सांभाळून वहिनी, तुम्ही पडलात तर या न्हाणीत कोण राहिलं? ते ऐकून तिला काय वाटलं असेल, मला विचारू नका. मला तर माझ्याच दगडांखाली गाडून घ्यावंसं वाटलं.

मग तो दिवस आला. शनिवार नव्हता. ऐलानं मला लावलं आणि बाळाला कसं न्हाऊ घालायचं याची उजळणी म्हणून टब माझ्या शेजारी ओढला. त्यात पाणी ओतलं. एक हात टबाच्या काठावर होता, आणि तोल सावरायला तिनं दुसरा माझ्या अंगावर टेकला. मी अजून नीट तापलेही नव्हते. पण आतली वीज जागीच होती. ऐलाचा दंड ताडकन मागे फेकला गेला आणि ती मागच्या मागे ओल्या फरशीवर बसली. बराच वेळ ती आपला हात दुसऱ्या हातात धरून बसली होती. मग फार हळू म्हणाली, "बाळ असतं तर?"

मला फेकून दिलं असतं, भंगारात दिलं असतं, तरी चाललं असतं. पण तिनं मला शिवीसुद्धा दिली नाही. भिंतीला धरून उठली, कळ बंद केली आणि म्हणाली, "आता पुरे झालं गं, तुझंही आणि माझंही."

दुसऱ्या दिवशी ती शहरात गेली. जिथे तिला कुणी ओळखत नव्हतं अशा एका हार्डवेअरच्या दुकानात शिरली. आता ती शहाणी झाली होती. चांगला वायरमन कोण, असं तिनं विचारलं नाही. दुकानदाराला म्हणाली, तुमच्या आईच्या घरी विजेचं काम निघालं तर तुम्ही कुणाला बोलावता? दुकानदारानं क्षणभर विचार केला आणि जोसेटचं नाव दिलं. वर म्हणाला, तोंडानं फटकळ आहे, पण कामाला चोख.

जोसेट ही पन्नाशीची फ्रेंच बाई. डॅरिलनं काही विचारलं नव्हतं, हिनं फोनवरच प्रश्नांचा भडिमार केला. शेगडी किती जुनी? फरशी कसली? कुणी जोडली? शॉक कुठे कुठे बसतो? आणि मी येईपर्यंत कळ वर करायची नाही, एकदासुद्धा नाही. आल्या आल्या तिनं न विचारता आपलं लायसन्स दाखवलं. या कामाचा परवाना काढणार आणि काम झालं की सरकारी तपासनीस येऊन बघणार, हेही आधीच सांगितलं. ऐलानं चाचरत विचारलं, तुमची गाडी जरा गोठ्यामागे लावाल का? जोसेट म्हणाली, "गाडी तुम्ही म्हणाल तिथे लावते, काकू. पण तपासनिसाची गाडी मी नाही लपवणार."

तिनं मला उघडलं. इतक्या वर्षांनी कुणीतरी आत डोकावलं, आणि मला वाटलं, आता मी खरी उघडी पडले. तिनं मीटर लावलं, मोकळा स्क्रू बघितला, केबल बघितली, आणि एक शिट्टी वाजवली. मग घरातल्या बोर्डावरची माझी कळ पाडून तिला कुलूप घातलं आणि न्हाणीच्या दाराला लाल पाटी बांधली. वापर बंद. नव्या कांबी मागवायच्या होत्या आणि घरापासून न्हाणीपर्यंत नवी केबल जमिनीखालून आणायची होती. ऐला म्हणाली, पण परवा शनिवार आहे. जोसेट म्हणाली, असू दे.

शनिवारी एस्को आला. काखेत टॉवेल, हातात ताज्या डहाळ्यांची जुडी. दाराशी थांबला, लाल पाटी वाचली, आत आला. मागोमाग ऐला आली. तिनं एक थाप तयार ठेवली होती, आदल्याच दिवशी मला म्हणून दाखवली होती. उंदरांनी केबल कुरतडली, असं सांगायचं ठरलं होतं.

"वहिनी, ही पाटी कुणी लावली?"

"वायरमन बाईनं."

"का? माझ्या कामाला काय झालं?"

ऐलानं उंदरांसाठी तोंड उघडलं आणि मिटलं. मग म्हणाली, "भाऊजी, शेगडी शॉक देते. फार वर्षं झाली."

"मला नाही कधी बसला."

"तुम्हाला बसू दिला नाही आम्ही."

एस्कोला आधी काही उमजेना. मग त्यानं न्हाणीभर नजर फिरवली. लाकडी पळी बघितली. कठडा बघितला. रबरी चटई बघितली. खिळ्याला टांगलेली लोखंडी पळी बघितली. शेवटी वरच्या पायरीवरच्या आपल्या कोपऱ्याकडे बघितलं. एकेक गोष्ट त्याच्या डोक्यात उतरताना मी समोरून बघत होते, आणि मला डोळे मिटून घेता येत नव्हते.

"म्हणून मला वर बसवायचात?"

"हो."

"मला वाटायचं, मान देताय." तो खाली बसला. मग म्हणाला, "आपल्या लोकांना मी ओळखतो. नाव काहीतरी ठेवलंच असेल."

ऐलानं टॉवेलाचं टोक पिळलं. "एस्कोचा हात," ती म्हणाली. "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही हो. तुमचे भाऊ म्हणायचे, त्यानं जीव लावून केलंय."

"वहिनी, चूक माझी. मला येत नव्हतं आणि मी केलं. पण कायसाच्या पोरीला तुम्ही या टबात न्हाऊ घालणार होतात. तिला काही झालं असतं, तर त्यालाही तुम्ही माझंच नाव दिलं असतंत. आणि मला सांगितलं असतंत, उंदीर."

थाप त्यानं कशी ओळखली, कोण जाणे. ऐलानं मान खाली घातली. मला मान असती तर मीही घातली असती. एस्को उठला आणि निघून गेला. डहाळ्यांची जुडी पायरीवरच राहिली.

पुढे कितीतरी दिवस तो फिरकला नाही. ऐला त्याच्या दारापर्यंत जाऊन परत आली, असं तिनंच मला सांगितलं. युहान्नुस जवळ येत होता, आणि तिला आता दोन गोष्टींचा घोर होता. बाळाची न्हाणी होईल की नाही, आणि न्हाणी झाली तरी एस्को तिथे असेल की नाही.

नवी केबल घेऊन जोसेट आली त्या सकाळी एस्कोची गाडी अंगणात येऊन उभी राहिली. गोठ्यामागे नाही, ऐन रस्त्यासमोर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी. त्याच्या हातात फावडं होतं. ऐलाकडे त्यानं बघितलं नाही. जोसेटला विचारलं, खणायला परवाना लागतो का? ती म्हणाली, नाही, पण तारेला हात लावलात तर मी काम सोडून जाईन. एस्को म्हणाला, हात मी पुष्कळ लावून बसलोय, आणि खणायला लागला.

म्हातारा माणूस एकटा चर खणतोय, हे वस्तीला बघवेना. एकेक शेजारी फावडं घेऊन आला. टॉवेलात तोंड खुपसून हसलेले सगळे होते त्यात. कुणी कुणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हतं. माझ्या पहिल्या इर्जिकीला काय हशा पिकला होता, आणि या इर्जिकीत फक्त माती पडल्याचे आवाज. दुपारी ऐला कॉफी घेऊन आली आणि एस्कोपुढे कप धरून उभी राहिली. त्यानं तो घेतला. एक घोट घेऊन म्हणाला, साखर कमी आहे. ऐला पळतच साखर आणायला गेली. तिचे डोळे भरले होते.

मग एस्कोनं जोसेटला म्हटलं, मी काय केलं होतं ते मला दाखवा. तिनं माझं पोट उघडून अर्थिंगच्या स्क्रूवर बोट ठेवलं. म्हणाली, हा जास्तीचा नव्हता. एस्को वाकून बघत राहिला. मी त्याच्या हातचं काम, आणि तो मला असा बघतोय. आम्हा दोघांनाही मेल्यासारखं झालं असणार. जोसेटनं त्याचं मन राखायला काही म्हटलं नाही. फक्त एवढं विचारलं, "अशा अजून किती न्हाण्या जोडल्यात?"

एस्को सरळ उभा राहिला आणि चराच्या काठावर उभ्या असलेल्या शेजाऱ्यांकडे वळला. कुणी मातीकडे बघत होतं, कुणी तळ्याकडे. "तुमच्याकडेही मी हात मिळवतो का?" त्यानं विचारलं. एकानं होकारार्थी मान हलवली. मग दुसऱ्यानं. संध्याकाळी जोसेट निघाली तेव्हा एस्को तिच्या गाडीत बसला, आणि वस्तीतल्या ज्या ज्या घरची जोडणी त्यानं केली होती ती सगळी घरं त्यानं तिला स्वतः दाखवली. प्रत्येक दारात उभं राहून म्हणाला, माझं काम चुकलंय, आजपासून शेगडी लावू नका. त्या वर्षी वस्तीतल्या कितीतरी न्हाण्यांना लाल पाट्या लागल्या. माझ्या लाजेला सोबत मिळाली, म्हणा ना.

माझ्या पोटात नव्या कांबी आल्या, तिसरी तार आली. थेंबभर वीज गळली तरी आपोआप पडेल अशी कळ बोर्डावर आली. तपासनीस येऊन सगळं बघून गेला. युहान्नुसच्या दिवशी कायसा आली. तिच्या कडेवर एल्ली, टकलू, गोरीपान, बोट चोखणारी. आजी काय सांगते ते ऐकून कायसाचा चेहरा उतरला. आपण फोनवर हसलो होतो, हे तिला आठवलं असावं.

जोसेट शेवटचं मीटर लावून बघायला आली होती. तिनं कळ वर केली. एस्को अनवाणी आत आला. त्यानं बादलीभर पाणी फरशीवर ओतलं, चटई पायानं बाजूला सारली, हात पाण्यात बुडवला आणि तिला विचारलं, "ठेवू?"

"बघितलंय मी. ठेवा," ती म्हणाली.

ऐला दारातच थबकली. एस्कोनं आपला ओला तळवा माझ्या अंगावर ठेवला. मला जोडलं त्या दिवसानंतर पहिल्यांदा तो मला शिवला. काही झालं नाही. माझी नुकती सुरू झालेली ऊब त्याच्या हाताला लागली, एवढंच. हात भाजेल इतकी मी तापेपर्यंत त्यानं तो काढला नाही. मग ऐलानं खिळ्यावरची लोखंडी पळी काढली, टॉवेलानं पुसली आणि त्याच्या हातात दिली.

मित्रांनो, मी आता बरी आहे. पण खरं सांगायचं तर लाज अजून गेलेली नाही. दर शनिवारी कळ लागली की ती थोडी जागी होते, आणि होऊ दे. तुमच्या घरातला एखादा फ्रिज, एखादा गीझर, एखादी कळ हाताला मुंग्या देत असेल, तर तिला गमतीचं नाव ठेवू नका. तिच्यापुढे चटई टाकू नका. मेन स्विच बंद करायला घरातल्या मोठ्यांना सांगा, आणि जो स्वतःच्या आईच्या घरी बोलवावा असा माणूस शोधून आणा. आणि ते काम ज्यानं प्रेमानं करून दिलं, त्याला आधी सांगा. त्याला वरच्या पायरीवर बसवून ठेवू नका.

एल्ली आता पाण्यात हात आपटते, दोन दात आलेत तिला. एस्को तिच्या टबाजवळ, खालच्या पायरीवर, माझ्या शेजारी बसतो. वरचा कोपरा रिकामा असतो. पाणी तोच टाकतो.